आधी टेबल, मग थेंब: ऑपरेटरच्या डोळ्यांसाठी

भिवंडीत डोळ्यांच्या जोरावर पोट भरणारे लोक पूर्वीपासून आहेत. मागावरून उतरलेला तागा उजेडात धरून तुटका धागा शोधणारे, छोट्या भिंगाखाली एका इंचात किती धागे बसले ते मोजणारे कारागीर इथे पिढ्यान्‌पिढ्या काम करत आले. आता गावाभोवती माणकोली, दापोडे, वळ, पूर्णा, राहनाळ, काल्हेरपर्यंत गोदामांचे गाळे पसरलेत आणि जवळजवळ प्रत्येक गाळ्याच्या कोपऱ्यातल्या केबिनमध्ये एक-दोन ऑपरेटर बसलेले असतात. इनवर्डची नोंद, पिकलिस्ट, बिल, डिस्पॅच, सगळे त्यांच्या हातून जाते. पन्नास हजार रुपयांवरचा माल राज्याबाहेर पाठवायचा तर १ एप्रिल २०१८ पासून ई-वे बिल लागते. त्या बिलाचा नंबर बारा आकडी. पार्टीचा जीएसटी नंबर पंधरा अक्षर-आकड्यांचा. महाराष्ट्रातला असेल तर २७ ने सुरू होणारा, आणि पुढे कुठे शून्य की ओ, कुठे आठ की बी, ते नीट पाहावे लागते. एक अक्षर चुकले तर गाडी वाटेत अडकू शकते. त्यामुळे ऑपरेटर डोळ्यांत तेल घालून बसतो आणि संध्याकाळी डोळे चोळत उठतो.

त्रास सुरू झाला की बहुतेक जण आधी मेडिकलमधून थेंब आणतात. त्याने भागले नाही तर ब्लू-कट काचेचा चष्मा घेतात. नंतर कधीतरी नंबर तपासतात. टेबल, दिवा, पंखा यांना हात लावायचे मात्र कोणाच्या मनात येत नाही. माझे सांगणे आहे की हा क्रम उलटा करा. टेबलापासून सुरुवात करा, थेंब शेवटी. पुढची कृती त्याच क्रमाने दिली आहे.

सुरू करण्यापूर्वी दोन दिवस

एक कागद टेबलावर ठेवा. डोळे चुरचुरले, जड झाले, अक्षर धूसर दिसले, कपाळ दुखले की वेळ लिहा आणि त्या वेळी काय करत होता तेही लिहा. यातून पुष्कळ कळते. दुपारी चारनंतरच त्रास होतो आणि सुट्टीच्या दिवशी होत नाही, तर दोष बहुधा बसण्याच्या पद्धतीत आणि कामाच्या सलगपणात आहे. चलनावरून पाहून टाइप करताना जास्त होतो, तर कागदाची जागा चुकली आहे. सकाळी पहिल्या तासातच धूसर दिसते किंवा सुट्टीतही दिसते, तर खालच्या पायऱ्या करत बसण्याआधी डोळे तपासून घ्या.

टेबल

खुर्चीत पाठ टेकून बसा. हात सरळ पुढे करा. बोटांची टोके स्क्रीनला जेमतेम लागावीत. हे अंतर साधारण ५० ते ७० सेंटीमीटर भरते. टेपने मोजा आणि आकडा लिहून ठेवा, पुढे चष्म्याच्या दुकानात लागणार आहे.

मग उंची. सरळ समोर पाहिल्यावर नजर स्क्रीनच्या वरच्या कडेवर किंवा त्याच्या किंचित वर पडली पाहिजे, म्हणजे स्क्रीनचा मध्य नजरेच्या रेषेपेक्षा साधारण वीतभर खाली राहतो. गाळ्यांमधल्या केबिनमध्ये मी सगळ्यात जास्त वेळा पाहिलेली चूक इथेच आहे: टेबल लहान, म्हणून सीपीयू आडवा टाकलेला आणि त्यावर मॉनिटर चढवलेला. मॉनिटर उंच गेला की माणूस हनुवटी वर करून पाहतो आणि डोळे पूर्ण उघडे राहतात. नजर थोडी खाली असली की वरची पापणी डोळ्याचा बराच भाग झाकते आणि पाणी कमी उडते. वर पाहणारा डोळा सगळाच हवेला उघडा पडतो. सीपीयू टेबलाखाली ठेवा. लादीवरची धूळ आत जाऊ नये म्हणून त्याखाली लाकडाची फळी द्या. मॉनिटर थेट टेबलावर येऊ द्या. लॅपटॉपचे उलटे असते, तो फार खाली असतो. त्याच्याखाली बिलांच्या जुन्या फाइली रचा आणि कीबोर्ड-माउस वेगळा जोडा.

आता चलन. ही पायरी घाईने उरकू नका, कारण ऑपरेटरच्या कामाचे खरे दुखणे इथे आहे. ड्रायव्हर आणतो ते चलन बहुधा टेबलावर डावीकडे सपाट पडलेले असते. तिसरी कार्बन प्रत, फिकट जांभळी अक्षरे, वरून चहाच्या पेल्याचा गोल डाग. ते डोळ्यांपासून चाळीसेक सेंटीमीटरवर, स्क्रीन साठवर. चलनावर एक ओळ वाचायची, मान वर करून स्क्रीनवर टाइप करायची, पुन्हा खाली. प्रत्येक वेळी डोळ्यांतल्या भिंगाला नवीन अंतरासाठी आकार बदलावा लागतो. भिंगाभोवतीचा स्नायू आवळतो, सैल होतो, पुन्हा आवळतो. शंभर चलने आणि प्रत्येकात दहा ओळी, म्हणजे दिवसाला हजार फेऱ्या.

उपाय फुकटातला आहे. मुले परीक्षेला नेतात ते चिमट्याचे पॅड घ्या. चलन त्यात लावा आणि पॅड मॉनिटरच्या कडेला टेकवून उभे करा, शक्यतो स्क्रीनइतक्याच अंतरावर आणि त्याच उंचीला. पॅड घसरत असेल तर खाली चिकटपट्टीचे जाड रीळ अडकवा. मान खाली जायची थांबते, डोळ्यांना अंतर बदलावे लागत नाही, आणि आकडा चुकण्याचे प्रमाणही कमी होते. कार्बन प्रत फारच फिकट असेल तर तिच्यापुरता छोटा दिवा लावा. त्याचा झोत कागदावर पडू दे, स्क्रीनवर नको.

उजेड

स्क्रीन बंद करा आणि काळ्या काचेत पाहा. त्यात जे दिसेल, मग ती डोक्यामागची ट्यूबलाइट असो, उघडे शटर असो की पत्र्यात बसवलेली पारदर्शक शीट असो, ते दिवसभर तुमच्या अक्षरांवर पसरलेले असते. तुम्हाला त्याची सवय झाली आहे, डोळ्यांना झालेली नाही. मॉनिटर असा फिरवा की खिडकी किंवा शटर तुमच्या बाजूला येईल. ते पाठीमागे आले तर काचेत चमकते. समोर आले तर पाठीमागच्या लख्ख उजेडामुळे स्क्रीन अंधुक वाटते. जागा अगदीच अडचणीची असेल तर शटरच्या बाजूला एक साधा जाड पडदा लावा.

ट्यूबलाइट लुकलुकत असेल तर ती बदलून घेण्यासाठी मागे लागा. ती तशीच ठेवून काम केल्याने डोके चढते. रात्रपाळीत सगळे दिवे बंद करून फक्त स्क्रीनच्या उजेडात बसू नका. भोवती मंद का होईना, सारखा उजेड हवा.

मग स्क्रीनचा उजेड. एक कोरे पांढरे पान उघडा आणि शेजारी खरा कोरा कागद धरा. स्क्रीनचे पान दिव्यासारखे पेटलेले दिसले तर उजेड कमी करा, मळकट दिसले तर वाढवा. ढगाळ दिवशी आणि रात्री पुन्हा जुळवा. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे बऱ्याच जणांना आरामाची वाटतात, पण डोळ्याला तिरका नंबर असेल तर ती अक्षरे पसरल्यासारखी दिसतात. तशी दिसली तर पांढऱ्यावर काळीच बरी.

अक्षरांच्या आकारासाठी एक सोपी कसोटी आहे. नेहमीच्या बसण्याच्या तिप्पट अंतरावर उभे राहा. तिथून अक्षर कसेबसे तरी वाचता आले पाहिजे. येत नसेल तर कंट्रोलचे बटण दाबून अधिकचे चिन्ह दाबा आणि १२५ किंवा १५० टक्क्यांवर ठेवा. जीएसटी नंबरातला शून्य आणि ओ ओळखायला नाक स्क्रीनला लावावे लागत असेल, तर त्यात डोळ्यांचा काही दोष नाही, अक्षर लहान आहे.

हवा आणि धूळ

एसीचा किंवा टेबलफॅनचा झोत तोंडावर येत असेल तर वळवा. बाकी काही जमले नाही तरी हे आजच करा. डोळ्यावर अश्रूंचा एक पातळ थर असतो आणि त्यावर तेलाचे अगदी पातळ आवरण असते. सरळ झोताने तो थर भराभर वाळतो. त्यात भिवंडीची धूळ: महामार्गावरून सतत ये-जा करणारे ट्रक, डॉकवर फुटणारी खोकी, आणि मागांच्या वस्तीत राहत असाल तर कापसाचा तुसही. स्क्रीन आणि टेबल ओल्या फडक्याने पुसा, कोरड्या फडक्याने धूळ फक्त उडते. डॉकवर जाऊन आल्यावर हात आणि चेहरा धुवा. डोळ्यात कण गेला तर चोळू नका, स्वच्छ पाण्याने धुऊन काढा.

दोन पाळ्यांत एकच कीबोर्ड वापरला जातो, हेही लक्षात ठेवा. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात ठिकठिकाणी डोळ्यांची साथ आली होती. अशा दिवसांत पाळी बदलताना कीबोर्ड-माउस पुसून घ्यावा. डोळे आलेल्या माणसाला घरी पाठवावे.

पापणी

एरवी माणूस मिनिटाला साधारण पंधरा-वीस वेळा पापण्या मिटतो. स्क्रीनसमोर हे प्रमाण पाच-सातवर येते, आणि मिटते तीही अर्धवट. वरची पापणी खालचीला टेकतच नाही. प्रत्येक मिटण्यात अश्रूंचा थर डोळ्यावर नव्याने पसरतो आणि पापण्यांच्या कडेच्या ग्रंथींतून तेल बाहेर येते. मिटणे कमी झाले की डोळा कोरडा पडतो, आणि कोरडा डोळा चुरचुरतो म्हणून मग एकदम भळभळ पाणी येते. यावरून पुष्कळांचा गैरसमज होतो. 'माझ्या डोळ्यांतून पाणी वाहते, मग कोरडे कसे?' असे ते विचारतात. ते पाणी चिडलेल्या डोळ्याने सोडलेले असते. ते वाहून जाते आणि कोरडेपणा तसाच राहतो.

कृती अशी: पापण्या हळूच पूर्ण मिटा, मनात दोन मोजा, उघडा. असे पाच वेळा. जोर लावायचा नाही. आठवण कशी राहील, हीच काय ती अडचण आहे, म्हणून ते कामाच्या ठरलेल्या जागांना बांधून टाका. ई-वे बिलाची प्रिंट निघत असताना. ओटीपीची वाट पाहताना. पोर्टलवर गोल फिरत राहतो तेव्हा, आणि तो पुष्कळदा फिरतो. महिन्याच्या शेवटी पोर्टल मंदावते तेव्हा चडफडण्यापेक्षा डोळे मिटून बसा.

लांब पाहणे

वीस-वीस-वीसचा नियम पुष्कळांनी ऐकला असेल: दर वीस मिनिटांनी, वीस सेकंद, वीस फूट लांब. तो १९९० च्या दशकात कॅलिफोर्नियातले दृष्टितज्ज्ञ जेफ्री अँशेल यांनी लोकांच्या लक्षात राहावा म्हणून असा बांधला. वीस फूट म्हणजे सहा मीटर. १८६२ साली डच डॉक्टर हर्मन स्नेलेन यांनी डोळे तपासण्याचा अक्षरांचा तक्ता केला, तो आपल्याकडे आजही सहा मीटरच्या हिशेबानेच वाचतात. 'सिक्स बाय सिक्स' म्हणतात ते त्यावरून. इतक्या लांबच्या वस्तूकडे पाहताना डोळ्यातला स्नायू जवळजवळ पूर्ण सैल होतो. जवळ पाहताना तो आवळलेलाच असतो, हात वर धरून तासन्‌तास उभे राहावे तसा.

अडचण अशी की केबिन आठ-दहा फुटांची. भिंतीकडे पाहून काही उपयोग नाही. पण गोदामात बसणाऱ्याकडे एक मोठी सोय आहे, ती मुंबईतल्या कोंदट ऑफिसांत मिळत नाही. केबिनची काच बहुधा गोदामाकडे उघडते आणि समोर शंभर-दोनशे फूट लांब रॅकच्या रांगा असतात. शेवटच्या रॅकवरची पाटी किंवा पलीकडच्या शटरमधून दिसणारा ट्रक, असा एक ठिकाणा ठरवा आणि तो स्पष्ट दिसेपर्यंत त्याकडे पाहा. काचेवर फॉर्म आणि वेळापत्रके चिकटवून ती बंद केली असेल तर नजरेच्या उंचीला हातभर जागा मोकळी करा.

वीस सेकंद पुरत नाहीत, ही माझी खात्री आहे. सलग दोन तास झाले की पंधरा मिनिटे उठायलाच हवे. अमेरिकेतली दृष्टितज्ज्ञांची संघटनाही हेच सांगते. डॉकवर जा, गाडीचा माल स्वतः मोजा, फायलिंग करा, चहा घ्या. या पंधरा मिनिटांत मोबाइल काढू नका. मोबाइल स्क्रीनपेक्षाही जवळ, वीतभर-दीड वीत अंतरावर धरला जातो, म्हणजे स्नायू आणखी आवळतो. विश्रांती म्हणून रील पाहणाऱ्याच्या डोळ्यांना विश्रांती मिळत नाही. घरी जाताना रिक्षात, बसमध्ये तर अक्षर हलतही असते. तेवढा वेळ बाहेर पाहा.

मालकांना आणि सुपरवायझरना इथे एक विनंती आहे. दोन ऑपरेटर असतील तर एकाला तासभर स्कॅनिंगला आणि दुसऱ्याला स्क्रीनवर असे आलटून-पालटून ठेवा. संध्याकाळी गाड्या सुटायच्या वेळी घाई होते हे मान्य, पण दुपारच्या संथ वेळेतही ऑपरेटर खुर्चीवरून उठला तर काम बुडाले असे वाटते, ते मनातून काढा. थकलेल्या डोळ्यांनी केलेले चुकीचे ई-वे बिल त्या पंधरा मिनिटांहून फार महाग पडते.

नंबर

वरचे सगळे आठवडाभर करूनही डोके दुखत असेल तर डोळे तपासा. लांबचे चांगले दिसते म्हणजे नंबर नाही, असे धरू नका. थोडा अधिकचा नंबर किंवा तिरका नंबर तरुणपणी डोळा ओढून-ताणून भरून काढतो, आणि आठ तास स्क्रीनसमोर बसल्यावर ती ओढाताण अंगावर येते.

चाळिशी लागलेल्यांसाठी वेगळे सांगायला हवे. चाळिशीचा चष्मा साधारणपणे वाचायच्या अंतराचा, ३५-४० सेंटीमीटरचा करून देतात. स्क्रीन साठवर. बायफोकल असेल तर जवळचा नंबर काचेच्या खालच्या भागात असतो, म्हणून माणूस स्क्रीन वाचायला हनुवटी वर करतो, आणि मान दुखायला लागली की मणक्याच्या डॉक्टरकडे जातो. तपासताना टेबलाजवळ लिहून ठेवलेला आकडा दाखवा आणि सांगा की या अंतरावर मी आठ तास पाहतो. त्या अंतराचा वेगळा चष्मा मिळतो. तो फक्त कामाच्या टेबलावर ठेवायचा.

ब्लू-कटबद्दल दुकानदार आग्रह करतो. २०२३ साली कॉक्रेन या संस्थेने सतरा चाचण्या एकत्र तपासून पाहिल्या. स्क्रीनमुळे येणारा डोळ्यांचा थकवा अशा काचांनी कमी होतो असे त्यांत दिसले नाही. स्क्रीनमधून येणारा निळा प्रकाश दिवसाच्या उजेडातल्या निळ्या प्रकाशापुढे अगदी थोडा असतो. जास्तीचे पैसे द्यायचेच असतील तर चमक रोखणाऱ्या लेपासाठी द्या, मागच्या ट्यूबलाइटचे प्रतिबिंब तरी कमी होईल.

मधुमेह असेल तर वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा तपासून घ्या, दिसायला काही त्रास नसला तरी. पडदा खराब व्हायला लागल्यावर सुरुवातीला काही कळत नाही.

शेक आणि थेंब

रात्री घरी पाच ते दहा मिनिटे शेक घ्या. स्वच्छ सुती कापड सोसेल इतक्या गरम पाण्यात बुडवून पिळा आणि मिटलेल्या पापण्यांवर ठेवा. गार झाले की पुन्हा बुडवा. नंतर स्वच्छ बोटाने वरची पापणी वरून खाली, खालची खालून वर अशी हलकेच चोळा. पापण्यांतले घट्ट झालेले तेल सुटते.

इतके करूनही कोरडेपणा राहिला तर कृत्रिम अश्रूंचे थेंब. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा घालावे लागत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले मागा. बाटली एकट्यापुरतीच ठेवा. उघडल्यानंतर किती दिवस चालते ते खोक्यावर लिहिलेले असते, उघडल्याची तारीख बाटलीवर टाका. लाली घालवणारे थेंब रोज घालू नका. ते थांबवले की लाली आणखी वाढून परत येते. आणि मेडिकलवाल्याने दिलेले किंवा शेजाऱ्याला लागू पडलेले स्टिरॉइडचे थेंब डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय कधीही घालू नका. त्यांनी दोन दिवसांत बरे वाटते, पण बराच काळ घातले तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदूही होतो. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. मध, गुलाबपाणी, बटाट्याचा रस, यांतले काहीही डोळ्यात घालू नका.

हे सोडून थेट डॉक्टरकडे कधी

एका डोळ्याने अचानक दिसेनासे झाले. डोळ्यासमोर विजेसारख्या चमका येतात, काळे ठिपके एकदम वाढले, किंवा कडेने पडदा सरकल्यासारखे दिसते. डोळा लाल होऊन प्रचंड दुखतो, डोके दुखते, उलटी होते आणि दिव्यांभोवती रंगीत वर्तुळे दिसतात. एकाची दोन दिसायला लागली. यांतले काहीही झाले तर पाळी संपायची वाट पाहू नका, त्याच तासाला निघा. स्क्रीनच्या थकव्याची ही लक्षणे नव्हेत आणि वेळ गेला तर नजर जाते. गावात इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालय आहे, मोठ्या उपचारासाठी भायखळ्याचे जे. जे. रुग्णालय. गाडी स्वतः चालवू नका. जुना चष्मा, चालू थेंबांची बाटली आणि घेत असलेल्या गोळ्या सोबत न्या, आणि त्रास नेमका किती वाजता सुरू झाला ते सांगा.